विश्लेषण : जास्त पंखे लावूनही घरी जोडलेला कॉम्प्युटर का तापतो?

सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडणारे अनेक जण कॅबिनेटमध्ये मावतील तेवढे पंखे लावतात. तरीही गेम सुरू केला की तापमान चढतेच. कारण पंखे किती, यापेक्षा हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर पडते, हे जास्त महत्त्वाचे असते.

कॉम्प्युटर तापल्यास काय होते?

आजच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची तापमानमर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. गेम अडखळतो, व्हिडीओ एडिटिंग रेंगाळते आणि महागड्या भागांवर केलेला खर्च वाया जातो. पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, हवेची चुकलेली वाट अधिकच महागात पडते.

योग्य मांडणी कोणती?

समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की घरात वारा खेळतो. कॅबिनेटमध्येही तेच तत्त्व लागू होते. समोर हवा आत घेणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, एवढे साध्या कॉम्प्युटरला सहसा पुरते. वर पंखा लावायचा असेल, तर मागच्या बाजूला आणि हवा बाहेर टाकणारा लावावा. तो पुढच्या टोकाला असला, तर थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर खेचली जाते.

पंख्याची दिशा कशी ओळखावी?

मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने साधारणतः हवा बाहेर पडते. काही पंख्यांवर बाणही असतो. उलट्या पात्यांचे पंखेही बाजारात मिळतात, त्यामुळे शंका असल्यास पेटती अगरबत्ती बाहेरून जाळीजवळ धरावी. धूर कुठे वळतो, ते लगेच दिसते.

धूळ कशी रोखायची?

बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा आत येणारी हवा थोडी जास्त ठेवावी. मग फटींमधून हवा बाहेर पडते आणि बरीचशी धूळ फिल्टरमध्येच अडकते. फिल्टर मात्र वेळोवेळी साफ करायला हवा. ब्लोअर मारताना कॉम्प्युटर बंद ठेवावा आणि पंख्याची पाती बोटाने धरावीत, नाहीतर ती वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते.

नवा पंखा घेण्याआधी काय तपासावे?

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटून असेल, तर आधी ते मोकळ्या जागेत ठेवावे. मग तोच गेम १५ मिनिटे, एकदा बाजूचे झाकण लावून आणि एकदा काढून चालवावा. झाकण काढल्यावर तापमान बरेच उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. फारसा फरक पडला नाही, तर प्रोसेसरवरचा कूलर नीट बसला आहे का आणि थर्मल पेस्ट सुकली आहे का, ते पाहावे. अशा वेळी नव्या पंख्यांवर खर्च करून उपयोग नाही.