युरिया पाजून सोडियम वाढतं? गणित जमलं, पुढे काय?

युरिया म्हटलं की डोळ्यांसमोर खताची गोणी येते. नाहीतर लॅबचा रिपोर्ट: ‘ब्लड युरिया वाढलाय’, म्हणजे किडनीचं काहीतरी बिघडलंय. त्याच युरियाची पूड पाण्यात विरघळवून रुग्णाला प्यायला देतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. (आधीच सांगते: हा गोणीतला युरिया नव्हे. औषधाच्या दर्जाचा, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.)

आधी आजार समजून घेऊ

रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असतं. १३५ च्या खाली गेलं की हायपोनॅट्रेमिया. मळमळ, तोल जाणं, गोंधळ, फारच कमी झालं तर झटके. ऐकून वाटतं की शरीरात मीठ कमी पडलं. पण बऱ्याचदा मीठ पुरेसं असतं, पाणी जास्त झालेलं असतं. आमटीत पाणी जास्त पडलं की ती अळणी लागते, तसंच.

एसआयएडीएच या विकारात हेच होतं. एडीएच हे संप्रेरक गरज नसताना स्रवत राहतं आणि मूत्रपिंड पाणी सोडत नाही. पहिला उपाय म्हणजे पाणी कमी पिणं. सांगायला सोपं, पण रोज पाळणं अवघड.

आता वही-पेन घ्या

समजा, एका रुग्णाची लघवी ५०० मिलिऑस्मोल प्रति किलो इतकीच घट्ट राहते. ती यापेक्षा पातळ होतच नाही. म्हणजे दर ५०० मिलिऑस्मोल विद्राव्य बाहेर टाकायला साधारण १ लिटर पाणी लागणार. युरियाचा रेणुभार ६०. मग ३० ग्रॅम युरिया म्हणजे ५०० मिलिमोल. तो लघवीतून बाहेर पडताना जवळजवळ १ लिटर पाणी सोबत घेऊन जातो. मीठ आत राहतं, पाणी बाहेर जातं, सोडियम वर येतं. एवढंच!

या काळात ब्लड युरिया वाढणारच, कारण आपणच तो दिलाय. क्रिएटिनिन न बघता ‘किडनी गेली’ म्हणाल तर फसाल.

पण थांबा. या गणितात एक गृहीतक लपलंय. सापडलं? लघवीची घट्टता तेवढीच राहील, आणि रुग्ण तहान लागली म्हणून जास्तीचं पाणी पिणार नाही. कागदावर दोन्ही खरं असतं, वॉर्डात असेलच असं नाही. म्हणून माणसांवरचा पुरावा बघावा लागतो.

पुरावा किती?

बेल्जियममधले गी देको आणि त्यांचे सहकारी १९८० पासून यावर लिहीत आहेत. याच गटाचा २०१२ चा अभ्यास वाचण्यासारखा आहे. एसआयएडीएचच्या रुग्णांना वर्षभर वॅप्टान (एडीएचचा परिणाम अडवणारी महाग औषधं) दिली. सोडियम १२५ च्या आसपास होतं ते १३५ पर्यंत आलं. मग ८ दिवस औषध बंद, सोडियम पुन्हा घसरलं. त्यानंतर वर्षभर युरिया दिला, पुन्हा १३५ च्या आसपास.

वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आता संशोधकासारखं बघा. वर्षभर वॅप्टान पूर्ण केलेले रुग्ण फक्त १२. क्रम सगळ्यांना एकच: आधी वॅप्टान, मग युरिया. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. मात्र मधले ते ८ दिवस फार मोलाचे आहेत. ते नसते, तर आजार आपोआपच बरा झाला होता का, हे कळलंच नसतं.

२०१४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत युरिया दुसऱ्या फळीचा उपाय म्हणून आहे: दर किलो वजनाला रोज ०.२५ ते ०.५० ग्रॅम. पण शब्द बघा. ‘शिफारस करतो’ नाही, ‘सुचवतो’. आणि पुराव्याचा दर्जा सगळ्यात खालचा. पेटंट नसलेल्या स्वस्त पुडीच्या मोठ्या चाचणीवर पैसा लावायला कंपनीला कारणही नसतं.

तुमच्यासाठी गृहपाठ

समजा, ही चाचणी तुम्हालाच आखायची आहे. यश कशाला म्हणाल? सोडियमचा आकडा वाढला याला, की रुग्ण पडायचा कमी झाला याला? सोडियम घाईने वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते, मग पहिल्या २४ तासांत रक्त किती वेळा तपासाल? आणि युरियाची कडवट चव लपवून दुसऱ्या गटाला काय पाजाल?

या तीन प्रश्नांची उत्तरं अर्ध्या पानात लिहून बघा. पीएचडीच्या मुलाखतीत रेणुभार कोणी विचारणार नाही. हे मात्र नक्की विचारतील.