वयाचा फरक की किमतीचा?

तरुण तत्त्वाला चिकटतो आणि म्हातारा व्यवहार पाहतो, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. मानसशास्त्रातील अलीकडचे काही प्रयोग मात्र उलट सांगतात. पाच जणांचे प्राण वाचविण्यासाठी एकाचा बळी द्यावा काय, असे विचारले असता तरुण लाभहानीचा हिशेब मांडतात. ‘हे मुळातच गैर’ असे म्हणून नियमाला धरून राहण्याकडे वृद्धांचा कल अधिक आढळतो. परंतु प्रयोगात उत्तर देणाऱ्याला उत्तराची किंमत मोजावी लागत नाही. किंमत मोजून दिलेली उत्तरे पाहायची, तर गिरणगावाकडेच वळावे लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करावे आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला दिलेला प्रतिनिधित्वाचा मक्ता मोडावा, अशा मागण्या होत्या. संप महिन्यांमागून महिने लांबला, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतून एकच प्रश्न उभा राहिला : कामावर परतावे, की दिल्या शब्दाला जागावे?

प्रश्न एकच असला तरी त्याचे ओझे सर्वांवर सारखे नव्हते. फाटकाशी उभे राहूनही ज्याला रोजच्या कामाची शाश्वती नव्हती, त्या बदली तरुणापाशी गमावण्यासारखे थोडे आणि मिळविण्यासारखे पुष्कळ होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील साचेवाल्याची उभ्या नोकरीची ग्रॅच्युइटी पणाला लागलेली, आणि कोकणात वा घाटावर मनिऑर्डरची वाट पाहणारे घर. पण वीस-पंचवीस वर्षे ज्यांच्यासोबत पाळी केली, त्यांच्या नजरेला नजर द्यावयाची होती तीही त्यालाच. असा माणूस फाटकाआड गेला तर त्याला भित्रा ठरविणे सोपे असते. मुलांच्या तोंडी घास घालणे हेही कर्तव्यच, हे मान्य करणे कठीण.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी नीतिविचाराच्या पायऱ्या कल्पून न्यायतत्त्वाला सर्वांत वरची पायरी दिली. नेमक्या १९८२ सालीच कॅरोल गिलिगन यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि आप्तांची काळजी वाहणे हीदेखील तितक्याच तोलाची नीती आहे, असे प्रतिपादन केले. गिरणगावात या दोन्ही नीती एकाच दहा बाय बाराच्या खोलीत समोरासमोर बसल्या होत्या.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. २०१२ पासून म्हाडाच्या सोडतीत काही कामगारांना वा त्यांच्या वारसांना घरे मिळाली, आणि जुना वाद नव्या रूपाने परतला. दूरच्या उपनगरात संसार थाटलेला मुलगा म्हणतो, घर विकून नातवंडांचे शिक्षण करू. आई म्हणते, त्यांच्या घामाची एवढीच खूण उरली आहे. ती विकायची नाही. आईला भाबडी आणि मुलाला स्वार्थी म्हणून हा वाद मिटत नाही. या निर्णयात कोण काय गमावणार, हे दोघांनी परस्परांना विचारले पाहिजे. वयपरत्वे नीती बदलते असे जे दिसते, ते पुष्कळदा मोजाव्या लागणाऱ्या किमतीतले अंतर असते.