न दुखणारा चट्टा

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात काय किंवा कर्जत तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर काय, पाठीवर फिकट डाग उठला की माणूस आधी शिबं म्हणतो, नाहीतर नायटा. मेडिकलमधून मलमाची ट्यूब येते. डाग खाजत नाही, दुखत नाही, म्हणून पुढे त्याचा विसर पडतो. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा असाच असतो. तो दुखत नाही, कारण तिथली जाणीवच गेलेली असते.

डिसेंबर २००५ मध्ये देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण १०,००० लोकांमागे १ रुग्णाच्याही खाली आलं. मोठं यश होतं ते. पण रोग विरळ झाला तसे तो ओळखणारे डोळेही विरळ होत गेले, याची मला काळजी वाटते. दिवसभर नायट्याचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातून एखादा असा चट्टा सहज निसटतो.

खरं तर या निदानाला फार सामग्री लागत नाही. कापसाची बारीक वात पुरते. आधी रुग्णाला डोळे उघडे ठेवून तपासणी समजावून सांगायची. मग डोळे मिटायला लावायचे आणि जिथे स्पर्श होईल तिथे बोट ठेवायला सांगायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं, चट्ट्यावर मात्र रुग्ण गप्प राहतो. कोडाचा डाग पांढराफटक असतो, पण तिथे स्पर्श कळतो. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, त्यावरचे केस विरळ होतात आणि भर उन्हात राबतानाही तेवढी जागा कोरडी राहते. चट्ट्यानंतर नसा चाचपायच्या: कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, मानेवरची. जाड झालेली नस बोटांना दोरीसारखी लागते.

कर्जतच्या शेजारी जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. बाळंतपण, लहान मुलांची वाढ, क्षय यांच्या जोडीने त्या कुष्ठाचे चट्टेही ओळखायला शिकल्या. मांडीवरचा किंवा पाठीवरचा डाग बाई परक्या पुरुष डॉक्टरला दाखवत नाही, रोज घरी येणाऱ्या मावशीला दाखवते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे कुष्ठरुग्णांना इतरांपासून वेगळं न काढता त्याच दवाखान्यात उपचार देणं. वाळीत पडायची भीती असेल, तर चट्टा सदऱ्याखालीच राहतो.

काही रूपं मात्र वातीलाही चकवतात. जंतू फार वाढलेल्या रुग्णात बधिर चट्टा नसूही शकतो. कातडी तुकतुकीत दिसते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरच्या टोकापासून झडतात. हिस्टॉइड नावाच्या दुर्मीळ प्रकारात चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर चकचकीत गाठी येतात. आणखी एका प्रकारात कातडीवर काहीच नसतं. फक्त नस सुजते, करंगळी वाकते आणि रुग्ण हाडांच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो. पहिल्या दोन रूपांत कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन घेतलेला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, किंवा कातडीचा तुकडा तपासावा लागतो. डॉक्टर हान्सेन यांना १८७३ मध्ये नॉर्वेत सापडलेला हा जंतू आजही प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर वाढत नाही, त्यामुळे इतर जंतूंसारखी कल्चरची तपासणी इथे उपयोगाची नाही.

बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. रोग थोडा असेल तर ६ महिने, जास्त असेल तर १२ महिने. गोळ्यांनी लघवी लालसर होते, कातडी काळवंडते. हे आधीच सांगितलं नाही, तर लोक घाबरून औषध सोडतात. रुग्ण सापडला की घरातल्या प्रत्येकाची कातडी उजेडात तपासायची. ज्यांना रोग नाही त्यांना, योग्य असेल तर, रिफॅम्पिसिनचा एकच डोस देतात. पण जंतू शरीरात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत बऱ्याचदा ५ वर्षं जातात, कधी २०सुद्धा. म्हणून त्या घरातली तपासणी एका वर्षावर थांबवून चालत नाही.