अंधाराच्या तासाची किंमत

वीज गेली असतां घरांतले दिवे व पंखे चालू राहावे म्हणून इन्व्हर्टर व बॅटरी घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न हल्लीं कुटुंबाकुटुंबांतून निघतो. शेजाऱ्यानें घेतली म्हणून घेणारे पुष्कळ, आणि "इतकीं वर्षें काय अडलें?" असें म्हणून विषय मिटविणारे वडीलही पुष्कळ. आमच्या मतें दोघेही हिशेब करावयास विसरतात. या व्यवहारांत आपण खरोखर विकत घेतों ते उजेडाचे तास. तेव्हां त्यांतील एका तासाची किंमत काय पडते, हें आधीं पाहिलें पाहिजे.

महाराष्ट्रांत २००५ नंतर कित्येक वर्षें भारनियमनाचा जो काळ गेला, तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. आज परिस्थिति तशी राहिलेली नाहीं. परंतु ती सर्वत्र सारखीही नाहीं. कोठें महिन्याकाठीं दोन तास वीज जाते, तर कोठें पावसाळ्यांत रोज जाते. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं तीन महिने, निदान त्यांतील एक पावसाळ्याचा धरून, वीज कधीं गेली व कधीं आली हें भिंतीवरील दिनदर्शिकेवर टिपून ठेवावें. घरांतील एखाद्या शाळकरी मुलाकडे हें काम सोंपविल्यास तो तें हौसेनें करील.

आतां आंकडे पाहूं. समजा, १६,००० रुपयांची १५० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी व ८,००० रुपयांचा इन्व्हर्टर घेतला. बॅटरी पांच वर्षें टिकली व इन्व्हर्टर दहा. म्हणजे वर्षाचा खर्च ३,२०० अधिक ८००, एकूण ४,००० रुपये झाला. महिन्यास दोन तास वीज जात असेल, तर अंधाराचा एक तास टाळण्यास सुमारें १६७ रुपये पडले. महिन्यास तीस तास जात असेल, तर तोच तास ११ रुपयांत पडतो. वस्तु एकच, परंतु एका घरीं ती चैन ठरते व दुसऱ्या घरीं काटकसर. शिवाय बॅटरी भरण्यास जितकी वीज लागते तितकी ती परत देत नाहीं. ती तूट दरमहा बिलांत येते, ती निराळीच.

या बॅटरीची शक्ति कागदावर १,८०० वॉट-तास असते. परंतु ती पूर्ण रिकामी होऊं देणें तिच्या आयुष्यास बाधक असल्यामुळें, व कांहीं वीज इन्व्हर्टरमध्यें खर्ची पडत असल्यामुळें, सुमारें १,२०० वॉट-तासच हातीं येतात असें धरावें. ७५ वॉटचे दोन जुने पंखे, ९ वॉटचे चार दिवे व इंटरनेटचें यंत्र यांवर ती सहा तास चालेल. तेच पंखे ३० वॉटच्या नव्या जातीचे असतील, तर अकरा तास पुरेल. म्हणून मोठ्या बॅटरीपेक्षां आधीं पंखे बदलणें फायद्याचें. ते तर बारमाही वीज वांचवितात.

मात्र सर्व तास सारख्या मोलाचे नसतात. ज्या घरीं आजोबांस प्राणवायूचें यंत्र लावलेलें आहे, तेथें तासाला १६७ रुपये कोण मोजीत बसेल ? पण असें यंत्र ३०० वॉटच्या वर वीज खातें. वरील बॅटरीवर तें तीनेक तासच निघेल. अशा घरीं बॅटरीच्या भरंवशावर न राहतां भरलेला सिलिंडर जवळ असलाच पाहिजे.

दुसरी एक गोष्ट आम्हांस विशेष सांगावीशी वाटते. पुष्कळ घरीं इन्व्हर्टरची तार दिवाणखान्यांत व निजण्याच्या खोल्यांत जाते, आणि स्वयंपाकघर वगळलें जातें. सायंकाळीं सात वाजतां वीज जावी, पुरुषमंडळींनीं पंख्याखालीं बसावें, आणि सुनेनें मात्र मोबाईलच्या उजेडांत पोळ्या लाटाव्या व कढत तेल सांभाळावें, हें सुशिक्षित घरास शोभत नाहीं. ९ वॉटचा एक दिवा तासभर जळला, तरी बॅटरीचा शंभरावा हिस्साही खर्च होत नाहीं. यास्तव कोठकोठें तार न्यावयाची हें तारतंत्र्यावर न सोंपवितां घरांतील स्त्रियांस विचारून ठरवावें.

बॅटरी म्हणजे पाण्याचा रांजण आहे, झरा नव्हे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां कित्येक गांवीं अनेक दिवस वीज आली नाहीं. तेथें भरलेली बॅटरी पहिल्या रात्रींच संपावयाची. अशा जागीं सूर्यशक्तीचीं तावदानें उपयोगी पडतील. २०२४ मध्यें सुरू झालेल्या सूर्यघर योजनेंत त्यांस ७८,००० रुपयांपर्यंत सरकारी साहाय्य ठेविलेलें आहे. परंतु सावध असावें : साधीं तावदानें रस्त्यावरील वीज जातांच स्वतःही बंद होतात, तारांवर काम करणाऱ्यांच्या जिवास धोका होऊं नये म्हणून तशी योजनाच असते. अंधारांत त्यांचा उपयोग व्हावयाचा तर त्यांच्या जोडीस बॅटरी व त्या कामाचा इन्व्हर्टर लागतो, हें पैसे देण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

शिशाच्या बॅटरींत वेळोवेळीं डिस्टिल्ड पाणी घालावें लागतें, आणि ती भरतांना पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो. म्हणून ती मोकळ्या हवेंत ठेवावी, देवघरांतील समईजवळ कदापि ठेवूं नये. लिथियमच्या बॅटरीस ही उठाठेव नाहीं व ती पुष्कळ अधिक वेळां भरतां येते. मात्र किंमत जास्त. जेथें वीज क्वचित् जाते, तेथें हा गुण वापरलाच जात नाहीं.

सारांश, महिन्यास तीन-चार तासांहून कमी वीज जात असेल व घरांत आजारी माणूस नसेल, तर आपोआप लागणारे दोन-तीन चार्जिंगचे दिवे पुरेत. उरलेले पैसे पंख्यांकडे लावावे. दहा तासांहून अधिक जात असेल, किंवा घरीं बसून नोकरी करणारें वा परीक्षेस बसणारें कोणी असेल, तर बॅटरी खुशाल घ्यावी, आणि पहिला दिवा स्वयंपाकघरांत लावावा.