बर्फातलं पोटॅशियम

पोटॅशियम ६.८. रिपोर्टवर सही करायला उचललेलं पेन मी खाली ठेवलं. इतक्या आकड्याला वॉर्डात फोन करायचा, हा लॅबचा शिरस्ता. पण या बाईंचं क्रिएटिनिन ०.८, म्हणजे मूत्रपिंडं ठणठणीत. सीरम उजेडात धरलं. स्वच्छ पिवळसर. पेशी फुटल्या असत्या, तर गुलाबी झाक असती.

कलेक्शन सेंटरवरच्या मुलाला फोन लावला. "मॅडम, खराब होऊ नये म्हणून सकाळपासून बर्फात ठेवलं होतं ना!"

काळजी घेतली, तीच नडली.

तांबड्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपट तरी जास्त. ते आत टिकतं पेशीपटलातल्या पंपामुळे: एटीपीचा एक रेणू खर्ची घालून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. गळक्या होडीतून पाणी उपसत राहावं तसं हे अखंड काम. गारठ्यात उपसा जवळजवळ बंद पडतो, गळती मात्र चालूच राहते. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करून १९५७ साली या पंपाचा शोध प्रसिद्ध केला. नोबेल मिळालं १९९७ मध्ये. चाळीस वर्षांनी!

एरवी हा पंप पूर्ण ताकदीने चालतच नाही. पेशीत सोडियम साचू लागलं की तो वेग घेतो. हा त्याचा पहिला मुकादम. इन्सुलिन आलं की स्नायूंच्या पेशी आत राखून ठेवलेले पंप पटलावर आणतात. हृदयात फॉस्फोलेमन नावाचं चिमुकलं प्रथिन पंपाला लगाम घालून बसलेलं असतं. ॲड्रेनालिनच्या इशाऱ्याने त्याला फॉस्फेट चिकटला की लगाम सैल. थायरॉइडचं संप्रेरक सावकाश काम करतं, ते पंपांची संख्याच वाढवतं.

पुस्तकात हे रटाळ वाटायचं. पण डायलिसिस चुकलेल्या रुग्णाचं खरोखरच वाढलेलं पोटॅशियम इन्सुलिन आणि ग्लुकोज दिल्यावर तासाभरात खाली आलेलं मी मशीनवर पाहिलं आहे. शरीराबाहेर काही गेलेलं नसतं, नुसतं पेशींत सरकलेलं असतं. काही तासांनी ते परत येतं, म्हणून डायलिसिस टळत नाही.

या बाईंना अशा उपचाराची गरजच नव्हती. उलट विनाकारण इन्सुलिन दिलं असतं, तर साखर उतरली असती. रक्त पुन्हा मागवलं, बर्फाशिवाय. ४.३.

सॅम्पल पाठवणाऱ्यांनो, पोटॅशियमची ट्यूब बर्फात ठेवू नका. उशीर होणार असेल, तर सीरम वेगळं करूनच पाठवा.