उकळत्या पाण्यातली विकरं: एक मागोवा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून टेम्पो भरभरून जाणाऱ्या ग्रे कापडातल्या ताण्याला सायझिंगमध्ये स्टार्चची खळ दिलेली असते. ती नसेल तर मागावर धागे तटातट तुटतील. पण ती कापडात राहिली तर रंग नीट चढत नाही. म्हणून प्रोसेसिंगमध्ये अमायलेज हे विकर घालून खळ उतरवतात. कापडावर आयोडिनचा थेंब टाकावा. निळाकाळा डाग उमटला तर खळ बाकी आहे.

जिवाणूंपासून मिळणारं अमायलेज १९१७च्या सुमारास या कामाला लागलं. सत्तरच्या दशकात बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज बाजारात आलं. हा जिवाणू वाढतो पन्नाशीच्या आसपास, पण त्याचं विकर नव्वद अंशांतही काम करतं.

पन्नास-पंचावन्न अंशांपुढे जीव शोधायची प्रयोगशाळांना साठच्या दशकापर्यंत सवयच नव्हती. ती मोडली थॉमस ब्रॉक यांनी. १९६६मध्ये त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ याने यलोस्टोनच्या झऱ्यातून थर्मस ॲक्वाटिकस सत्तर अंशांवर वाढवला. त्याच्याच डीएनएची प्रत घडवणाऱ्या विकराने पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत, सोपी केली. १९८६मध्ये इटलीच्या व्हल्कानो बेटाजवळचा पायरोकॉकस फ्युरिओसस जगापुढे आला. त्याला शंभर अंश मानवतात. साखर फोडायला सुरुवात करताना तो एटीपी या नेहमीच्या ऊर्जावाहक रेणूऐवजी एडीपी वापरतो. हा उष्णतेवरचा तोडगा असावा, असं आधी वाटलं. मग तसंच विकर माणसाच्या पेशींतही सापडलं आणि ते उत्तर अपुरं पडलं.

माझ्या मते खरं वळण २०१०चं. गेऑर्ग फुक्स यांच्या गटाने आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांत आणि काही प्राचीन जिवाणू-शाखांत एकच उष्णतास्थिर विकर लागोपाठची दोन कामं करताना दाखवलं, तीही साखर घडवण्याच्या दिशेने. म्हणजे साखर फोडणं नंतरचं, घडवणं आधीचं असावं. २०१७मध्ये डोरोथी कर्न यांच्या गटाने ॲडेनिलेट कायनेज या विकराचे प्राचीन पूर्वज प्रयोगशाळेत पुन्हा घडवले. जुने पूर्वज उष्णतेत टिकणारे, पण थंडाव्यात मंद निघाले. पृथ्वी निवत गेली तशी निवडीने त्यांची गती वाढवली. टिकाऊपणाची गरज उरली नाही, म्हणून तो ओसरला. वेगासाठी तो गमवावाच लागतो, हा जुना समज इथे डळमळला.

भिवंडी तालुक्यातच तानसाकाठी वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची कुंडं आहेत. पाणी पन्नाशीच्या आसपासचं, भेगांतून खोल मुरून तापून वर येणारं. ज्वालामुखीचा त्यात हात नाही. अशा झऱ्यांत आपल्याकडे शोध बहुधा कारखान्याला उपयोगी अमायलेज-प्रोटिएजचा होतो. तो व्हावाच. पण नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरच्या झऱ्यांतल्या जिवाणूंची डीएनएवरून ओळख पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी पटवली, तसंच तानसाकाठी कसून व्हायला हवं; आणि त्यापुढे जाऊन हे जीव साखर कोणत्या वाटेने घडवतात, कोणत्या वाटेने फोडतात, हेही तपासायला हवं. त्यासाठी नमुने आंघोळीच्या कुंडातले नकोत, पाणी दगडातून फुटतं त्या तोंडाशी घेतलेले हवेत.