रस्त्याला मुरूम, तलावाला पाणी

महामार्गाचा भराव घालायला मुरूम आणि माती अफाट लागते. एरवी ठेकेदार कंपनी त्यासाठी टेकड्या पोखरते. बुलढाणा जिल्ह्यात प्रशासनाने कंपन्यांना वेगळी वाट दाखवली: तलाव, नाले, नदीपात्रं खोल करा आणि निघालेला माल रस्त्याला वापरा. खोदाईपोटी शासनाला एक पैसाही मोजावा लागला नाही.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार, जिल्ह्यातल्या राष्ट्रीय महामार्गांच्या १२ कामांतून, म्हणजे ४९१ किलोमीटर रस्त्यांतून, ५,५१० सहस्र घनमीटर साठवण क्षमता तयार झाली. १५२ गावांना त्याचा लाभ झाला. हाच तो ‘बुलढाणा पॅटर्न’.

जिल्ह्यातच २०१८ मध्ये ‘सुजलाम् सुफलाम्’ या जलसंधारण मोहिमेनेही अशा भागीदारीची चुणूक दाखवली होती. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने शंभरावर जेसीबी आणि पोकलेन दिले, डिझेल शासनाने भरलं.

आटलेल्या गावतलावात पोकलेन उतरलं की आधी निघतो तो काळा गाळ. रस्त्याच्या भरावाला तो निरुपयोगी, पण हलक्या रानाला त्याच्याइतकं चांगलं खत नाही. शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या लावून तो बांधावर नेतात. खालचा मुरूम डंपरमधून रस्त्याकडे जातो. एकाच खड्ड्यातून शेताचंही काम होतं आणि रस्त्याचंही. या योजनेचं खरं बळ इथे आहे. कंपनीने उपकार म्हणून काही दिलेलं नाही; तिला जे हवं होतं, तेच गावाला काढून टाकायचं होतं. असा व्यवहार दानधर्मापेक्षा जास्त टिकाऊ असतो.

जिल्ह्याची मदार कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर. तलावात पाणी साठून विहिरीला पाझर वाढला तर हरभऱ्याला दोन पाणी मिळतात, रब्बी हाती लागते, आणि तो पैसा खामगाव-मलकापूरच्या बाजारात फिरतो. कारखाना आणण्याइतकंच हेही प्रादेशिक विकासाचं काम आहे.

मात्र खोदाईला शिस्त हवी. कंपनीला जवळचा, सोपा मुरूम हवा असतो. तलाव किती खोल न्यायचा, हे पाण्याच्या गणितानेच ठरायला हवं. प्रमाणाबाहेर खोदलं तर पाणी झिरपून जातं, काठ ढासळतात. शिवाय पावसाळ्यागणिक गाळ पुन्हा साचणारच, आणि तोवर रस्ता पूर्ण करून कंपनी निघून गेलेली असते. म्हणून कुठल्या तलावातून किती घनमीटर माल गेला, किती खोलीची परवानगी होती आणि पुढचा गाळ कोण काढणार, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलंच पाहिजे.